कोसंबी, खंड १२, पृष्ठे १७२ ते १७५

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



विषय कळवला तेव्हा कार्यवाहांनी जरा चाचरतच विचारलं, "बाई, संदर्भसूचीवर तासभर?" त्यांची शंका रास्त होती. स्वल्पविराम कुठे द्यावा आणि पूर्णविराम कुठे, हे ऐकायला कुणी संध्याकाळ मोकळी ठेवत नाही. पण ही माला एका ग्रंथपालांच्या स्मरणार्थ चालते, तेव्हा इथे नाही बोलायचं तर कुठे, असं म्हणून मी विषय तसाच ठेवला. माझी नोकरी एका वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकीय विभागात झाली. निबंधाचा मुख्य मजकूर मोठी माणसं बघत. शेवटची तीन-चार पानं, ज्यांना सगळे 'रेफरन्सेस' म्हणतात, ती माझ्या टेबलावर येत. त्या पानांवर काय काय घडतं, ते सांगते.

सुरुवात एका खऱ्या संदर्भापासून करू. दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव इथल्या बहुतेकांना इतिहासकार म्हणून ठाऊक असेल. गोव्यात जन्मलेले, हार्वर्डला शिकलेले कोसंबी पेशाने गणिती. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकवत असताना त्यांनी 'ॲनल्स ऑफ युजेनिक्स' या इंग्लंडमधल्या नियतकालिकात चार पानांचा एक निबंध छापला. गुणसूत्रावरच्या दोन जनुकांमधलं अंतर संततीच्या आकड्यांवरून कसं काढायचं, याचं सूत्र त्यात आहे. गुणसूत्रांची अदलाबदल एका ठिकाणी झाली की शेजारच्या ठिकाणी ती होण्याची शक्यता कमी होते. जनुकशास्त्रज्ञ हॉल्डेन यांनी आधी दिलेल्या सूत्रात ही गोष्ट धरलेली नव्हती, कोसंबींनी ती धरली. आज भाताचा, गव्हाचा किंवा ज्वारीचा जनुकीय नकाशा करणारा संशोधक संगणकावर 'हॉल्डेन की कोसंबी' यातला एक पर्याय निवडतो आणि निबंधाच्या शेवटी या चार पानांचा संदर्भ देतो.

तो संदर्भ वैद्यकीय नियतकालिकांच्या रिवाजाप्रमाणे असा दिसेल: कोसंबी डीडी. द एस्टिमेशन ऑफ मॅप डिस्टन्सेस फ्रॉम रिकॉम्बिनेशन व्हॅल्यूज. ॲन युजेन. १९४४;१२:१७२-५. आडनाव आधी, मग आद्याक्षरं, त्यांच्यामध्ये टिंब नाही. नियतकालिकाचं नाव आखडून घेतलेलं. सालानंतर अर्धविराम, खंडानंतर अपूर्णविराम, आणि शेवटच्या पानाचा फक्त बदललेला आकडा. मजकुरात याची खूण म्हणजे नुसता एक क्रमांक. हाच निबंध वनस्पतिशास्त्राच्या एखाद्या नियतकालिकात द्यायचा असेल तर मजकुरात कंस करून 'कोसंबी, १९४४' लिहायचं आणि शेवटची यादी आडनावांच्या अकारविल्हे लावायची. कपडे बदलले, माणूस तोच.

आता जरा जवळून बघा. 'ॲनल्स ऑफ युजेनिक्स' हे नाव आज कुणालाही अवघडल्यासारखं वाटावं असं आहे. सुप्रजननाच्या नावाखाली विसाव्या शतकात जे झालं ते आपल्याला माहीत आहे. १९५४ साली त्या नियतकालिकाने आपलं नाव बदलून 'ॲनल्स ऑफ ह्यूमन जेनेटिक्स' केलं. एखादा सद्भावी लेखक कोसंबींच्या संदर्भातही नवं नाव घालतो. त्याचा हेतू चांगला असला तरी तसं करू नये. त्या वर्षी त्या खंडावर जे नाव छापलं होतं तेच द्यायचं, कारण ग्रंथालयात बांधलेल्या खंडाच्या पाठीवर तेच आहे आणि सूचीतही तो त्याच नावाखाली सापडणार आहे. संदर्भाचं काम वाचकाला त्या पानापर्यंत नेण्याचं आहे. इतिहासाची साफसफाई त्याने करायची नाही.

मग साल. बहुतेक निबंधांत कोसंबींच्या पुढे १९४४ असतं, काहींत १९४३. प्रकाशकाच्या संकेतस्थळावर १९४३ आहे आणि निबंधाला मिळालेल्या डीओआय क्रमांकाच्या पोटातही १९४३ हाच आकडा आहे. युद्धाच्या काळात एकाच खंडाचे भाग पुढच्या सालांत रेंगाळत निघत. यातलं खरं कुठलं, यावर लेखकाने हट्ट धरण्याचं कारण नाही. एक साल ठरवावं, मजकुरात आणि यादीत तेच ठेवावं आणि सोबत डीओआय द्यावा. मजकुरात १९४३ आणि यादीत १९४४ असं आलं तर मात्र संपादकाने निबंध परत पाठवला तरी मी त्याचीच बाजू घेईन.

हा डीओआय म्हणजे काय, तेही सांगून टाकते. प्रत्येक निबंधाला मिळणारा हा कायमचा क्रमांक. तो १० या आकड्याने सुरू होतो, मग टिंब आणि प्रकाशकाचा क्रमांक, मग तिरकी रेघ, आणि पुढे त्या निबंधाची स्वतःची खूण. प्रकाशक बदलला, संकेतस्थळ बदललं, तरी हा क्रमांक टाकला की निबंध उघडतो. २००० साली प्रकाशकांनी मिळून 'क्रॉसरेफ' ही संस्था काढली, तिच्याकडे या क्रमांकांची नोंद असते. वाचकाच्या दृष्टीने पाहिलं तर गेल्या पन्नास वर्षांत संदर्भलेखनात झालेली खरी सुधारणा हीच एक. बाकी सगळी टिंबांची अदलाबदल.

टिंबांची ही भानगड आली कुठून? लेखक आणि साल कंसात देण्याच्या पद्धतीला 'हार्वर्ड' म्हणतात. तिचं मूळ शोधत गेलं की एक गोगलगाय भेटते. हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी १८८१ साली एका बिनशंखाच्या गोगलगायीचं अंडं फळतं कसं आणि त्याचे भाग कसे पडत जातात यावर भलामोठा निबंध लिहिला. त्यात त्यांनी मजकुराच्या ओघातच कंसात लेखकाचं नाव आणि साल दिलं. वाचक गोंधळेल म्हणून तळटीप घालून ही रीत समजावूनही सांगितली. एली चेर्निन यांनी १९८८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हे सगळं शोधून मांडलं, तोवर 'हार्वर्ड पद्धत' म्हणणाऱ्या बहुतेकांना त्या गोगलगायीचा पत्ता नव्हता.

क्रमांकांची पद्धत 'व्हँकूवर' या नावाने ओळखली जाते. १९७८ साली कॅनडातल्या व्हँकूवर शहरात वैद्यकीय नियतकालिकांचे काही संपादक जमले. त्यांनी ठरवलेली नियमावली १९७९ साली प्रसिद्ध झाली, आणि संदर्भांचा साचा अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने बसवून दिला. कल्पना फार माणुसकीची होती. लेखकाने निबंध एकाच साच्यात तयार करावा आणि सगळ्यांनी तो तसाच स्वीकारावा. एकाकडून निबंध साभार परत आला की दुसऱ्यासाठी सगळा पुन्हा टंकलिखित करायचा, हा त्रास टाळायचा होता. आज काय स्थिती आहे? संदर्भ लावून देणाऱ्या संगणक प्रणाल्या जे खुलं शैलीभांडार वापरतात, त्यात दहा हजारांहून अधिक शैली आहेत. कुणाला साल ठळक हवं, कुणाला खंड ठळक हवा, कुणाला निबंधाचं शीर्षकच नको. विज्ञानाला यातून काय मिळतं, हे मला आजवर कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

व्हँकूवरचे नियम तसे सोपे. मजकुरात जो संदर्भ पहिल्यांदा येईल तो क्रमांक १, आणि पुन्हा आला तरी त्याचा आकडा तोच. सहापर्यंत लेखकांची नावं द्यायची, पुढे 'आणि इतर'. या 'आणि इतर'ला हसू नका. हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानाबद्दलचा २०१५ सालचा एक निबंध आहे, त्याला ५,१५४ लेखक आहेत. तेहतीस पानांपैकी चोवीस पानं नावांना आणि संस्थांना गेली. ती यादी आपल्या संदर्भात उतरवायची म्हटली तर झालंच कल्याण.

एक नियम मात्र हमखास चुकतो. कोष्टकात किंवा आकृतीच्या मथळ्यात जे संदर्भ येतात, त्यांचे क्रमांक ते कोष्टक मजकुरात पहिल्यांदा जिथे उल्लेखलेलं आहे तिथून मोजायचे असतात. म्हणजे क्रमांक ११ च्या नंतर 'पाहा कोष्टक २' आलं, की कोष्टकातले नवे संदर्भ १२ पासून सुरू, आणि मजकूर त्यांच्या पुढून चालू. लेखक कोष्टकं शेवटी बनवतो, त्यांना शेवटचे आकडे देतो आणि मोकळा होतो. टाइपरायटरच्या काळात हे निस्तरणं म्हणजे शिक्षा होती. निबंध तपासणाऱ्या रेफरीने क्रमांक ७ च्या जागी एक संदर्भ वाढवायला सांगितला, की ८ पासून ४० पर्यंत सगळे आकडे मजकुरात, कोष्टकांत आणि यादीत खोडून पुन्हा लिहायचे. त्यात एखादा १२ मजकुरात १२ च राहिला, की रक्तदाबाच्या विधानाला खरजेचा पुरावा. वाचक हसतो, पण त्या विधानावर विसंबून औषधाची मात्रा ठरवणारा डॉक्टर हसत नाही.

आता हे आकडे संगणक लावतो. झोटेरो आहे, एंडनोट आहे, मेंडेली आहे. एक कळ दाबली की व्हँकूवरचं हार्वर्ड होतं. तरुण संशोधकांनी ही साधनं वापरलीच पाहिजेत, हाताने याद्या करण्यात कसलंही तप नाही. पण यंत्र तुम्ही दिलेल्या माहितीला फक्त कपडे चढवतं, माहिती खरी की खोटी ते बघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा अहवाल यादीत 'ऑर्गनायझेशन डब्ल्यूएच' या नावाने आलेला तुम्ही पाहिला असेल. यंत्राला वाटतं, शेवटचा शब्द म्हणजे आडनाव. तसंच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं इंग्रजी नाव घातलं की 'रिसर्च' आडनावाचे कुणी गृहस्थ जन्माला येतात. यावर उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे. झोटेरोत संस्थेचं नाव एकाच रकान्यात टाकायचं, एंडनोटमध्ये नावाच्या शेवटी स्वल्पविराम द्यायचा. तेवढंही होत नाही.

आपल्याकडच्या नावांचं दुखणं याहून खोल आहे. महाराष्ट्रात शाळेच्या दाखल्यावर आणि गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं: पाटील सुनीता रमेश. मुलगी पुढे शोधनिबंध लिहिते आणि नाव तसंच टाकते. यंत्र शेवटचा शब्द उचलतं, आणि निबंध जगाच्या सूचीत 'रमेश पीएस' या नावाने नोंदला जातो. राबली ती, आणि नाव लागलं वडिलांचं. पुढे लग्न झालं, आडनाव बदललं, की तिच्याच कामाचे दोन तुकडे होतात आणि दुसरा तुकडा पहिल्याला ओळखत नाही. दक्षिणेत अनेकांना आडनावच नसतं, तिथे आणखी वेगळे घोळ. आणि 'जोशी एस' किंवा 'कुलकर्णी ए' असा शोध घेऊन बघा, किती माणसं एका नावाखाली दाटीवाटीने बसलेली सापडतात ते. २०१२ पासून 'ऑर्किड' नावाचा सोळा अंकी ओळखक्रमांक संशोधकाला फुकट मिळतो, तो नावाबरोबर बदलत नाही. ज्या मुली आज पीएचडीला बसल्या आहेत त्यांनी पहिला निबंध पाठवण्याआधी तो घ्यावा, आणि आपलं नाव छापील स्वरूपात कसं लिहायचं ते एकदाच ठरवून टाकावं. मार्गदर्शकांनी हे सांगायला हवं. ते सांगत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

इथवर जे बोलले ते रूपाबद्दल. आता पोटात शिरू.

एम. व्ही. सिमकिन आणि व्ही. पी. रॉयचौधुरी या दोन संशोधकांनी २००३ साली एक खोडकर प्रश्न विचारला: संदर्भ देणारे मूळ निबंध वाचतात का? वाचनाचा पुरावा मिळवायचा कसा? त्यांनी छपाईच्या चुका मोजल्या. भौतिकशास्त्रातल्या एका गाजलेल्या निबंधाचा उल्लेख सुमारे ४,३०० ठिकाणी झाला होता. त्यांतल्या १९६ उल्लेखांत खंड, पान किंवा साल चुकलेलं होतं. पण त्या १९६ चुकांमध्ये वेगळ्या चुका फक्त ४५. पानाचा एकच चुकीचा आकडा ७८ ठिकाणी जसाच्या तसा. स्वतः निबंध हातात घेऊन लिहिणारे ७८ लोक एकच चूक करत नाहीत, परीक्षेत शेजारच्याची उत्तरपत्रिका पाहणारे करतात. यावरून त्यांनी हिशेब मांडला, की संदर्भ देणाऱ्यांपैकी मूळ निबंध वाचणारे जेमतेम २० टक्के असावेत. या हिशेबाला फाटे फोडता येतील. पुढच्याची यादी उतरवून घेणाऱ्यानेही निबंध वाचलेला असू शकतो, ही शंका मलाही आली होती. पण टेबलावर बसून मी जे पाहिलं त्याच्याशी हा आकडा फार विसंगत वाटत नाही.

पान चुकलं तर वाचक थोडा वेळ भटकतो आणि शेवटी पोचतो. सगळं बरोबर असताना जे घडतं ते जास्त भयंकर. १९८० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचं पाच वाक्यांचं पत्र आलं. अफूजन्य वेदनाशामक मिळालेल्या ११,८८२ रुग्णांच्या नोंदी त्यांनी पाहिल्या होत्या. पूर्वी व्यसन नसलेल्या रुग्णांपैकी व्यसन लागल्याची नीट नोंद फक्त चौघांची. हे सगळे रुग्ण रुग्णालयात दाखल होते, डॉक्टरांच्या नजरेखाली. घरी महिनोन् महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल पत्रात एक अक्षर नव्हतं. नव्वदच्या दशकात ऑक्सिकॉन्टिन हे औषध अमेरिकेच्या बाजारात आलं आणि या पत्राचे उल्लेख एकदम वाढले. २०१७ साली कॅनडातल्या संशोधकांनी त्याच नियतकालिकात हिशेब मांडला. उल्लेख ६०८. त्यांतल्या ७२ टक्क्यांनी ते पत्र 'व्यसन क्वचितच लागतं' याचा पुरावा म्हणून दिलेलं, आणि ८० टक्क्यांहून अधिक ठिकाणी रुग्ण दाखल होते ही गोष्ट गाळलेली. अमेरिकेतल्या अफूजन्य औषधांच्या साथीची कारणं अनेक आहेत, सगळा दोष पाच वाक्यांवर टाकता येणार नाही. पण त्या ६०८ संदर्भांचं मुद्रितशोधन माझ्यासारख्याच कुणीतरी केलं असणार. साल १९८०, खंड ३०२, पान १२३. टिंब, अर्धविराम, अपूर्णविराम जागच्या जागी. त्या टेबलावरून सगळे संदर्भ निर्दोष म्हणून पुढे गेले.

म्हणून मी म्हणते, आपण चुकीच्या जागी कडक आहोत. वैद्यकीय नियतकालिकांतल्या अशा तपासण्यांचा २०१५ साली एकत्र आढावा घेतला गेला, त्यात साधारण दर चौथ्या उद्धरणात काही ना काही खोट सापडली: मूळ निबंध जे म्हणतो ते लेखकाने नीट सांगितलेलं नाही, किंवा तो भलतंच म्हणतो. हे तपासायला निबंध उघडावा लागतो. स्वल्पविराम तपासायला काही उघडावं लागत नाही, म्हणून आपण स्वल्पविराम तपासतो.

पालकातल्या लोहाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. दशांशचिन्ह चुकलं म्हणून पालकात दहापट लोह असल्याचा समज पसरला, ही ती गोष्ट. १९८१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये ती आली, संदर्भाशिवाय. पुढे शास्त्रज्ञांच्या हलगर्जीपणाचं उदाहरण म्हणून अनेकांनी ती एकमेकांच्या हवाल्याने सांगितली. मूळ शोधायला गेल्यावर कळलं की त्या दशांशचिन्हाचाच पुरावा कुठे नाही. नॉर्वेचे ओले ब्यॉर्न रेकदाल यांनी २०१४ साली या सगळ्या साखळीवर लिहिलेला निबंध प्रत्येक पीएचडी विद्यार्थ्याने वाचावा, आणि मगच त्याचा संदर्भ द्यावा.

याहून पुढची पायरी म्हणजे नसलेल्या निबंधाचा संदर्भ. एल्सव्हिअर या प्रकाशनसंस्थेने लेखकांसाठी केलेल्या सूचनांत नमुन्यादाखल एक संदर्भ दिला होता: व्हॅन डेर गीर आणि इतर दोघे, 'द आर्ट ऑफ रायटिंग अ सायंटिफिक आर्टिकल', २००० साल, खंड १६३, पृष्ठे ५१ ते ५९. असा निबंध नाही, असं नियतकालिकही नाही. फक्त साचा. तरीही सूचींमध्ये याचे उल्लेख चारशेच्या घरात गेले. ॲन-विल हार्झिंग यांनी २०१७ साली हे प्रकरण उजेडात आणलं. बहुतेक ठिकाणी परिषदांसाठी घाईने लिहिलेले निबंध होते, आणि साच्यातला नमुना पुसायचाच राहून गेला होता. कुणी लबाडी केली नव्हती. लेखक, सहलेखक, रेफरी, संपादक यांपैकी कुणीही ती यादी वाचलेली नव्हती, एवढंच.

लबाडी म्हणाल तर ती आमच्या कोसंबींनी केली होती, आणि झकास केली होती. १९३१ सालची गोष्ट. अलीगढला फ्रेंच गणिती आंद्रे वेल त्यांच्याबरोबर होते. एका सहकाऱ्याची जिरवायची म्हणून वेल यांच्या सूचनेवरून कोसंबींनी 'बूर्बाकीच्या दुसऱ्या प्रमेयाचं व्यापकीकरण' अशा मथळ्याचा निबंध लिहिला, आणि श्रेय दिलं क्रांतीच्या धामधुमीत विषप्रयोगाने मेलेल्या डी. बूर्बाकी नावाच्या कुणा रशियन गणितज्ञाला. असा माणूस कधी झालाच नव्हता. संयुक्त प्रांताच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकाने तो छापलाही. पुढे काही वर्षांनी वेल आणि त्यांच्या मित्रांनी 'निकोला बूर्बाकी' हे नाव घेऊन गणिताचे ग्रंथ लिहायला घेतले, आणि न झालेला हा माणूस विसाव्या शतकातल्या सर्वांत प्रभावी गणितज्ञांपैकी एक ठरला. कोसंबींनी स्वतःही पुढे एस. डुक्रे या टोपणनावाने काही निबंध छापले. ग्रंथपालांनी अशांचं कार्ड कुठल्या नावाखाली ठेवावं, यावर वेगळी व्याख्यानमाला होईल.

कोसंबींची ती थट्टा कळून सवरून केलेली होती. आज संगणकाला 'या विधानाला दहा संदर्भ दे' म्हटलं की तो देतो, आणि त्याला आपण थट्टा करतोय हेही ठाऊक नसतं. लेखकाचं नाव खरं, नियतकालिक खरं, खंडाचा आकडा पटण्यासारखा, आणि त्या पानावर भलताच निबंध. न्यूयॉर्कच्या न्यायालयात २०२३ साली दोन वकिलांनी असेच चॅटजीपीटीने रचलेले खटले दाखले म्हणून सादर केले, त्यांना आणि त्यांच्या कचेरीला ५,००० डॉलर दंड झाला. शोधनिबंधांतही असे संदर्भ येऊ लागले आहेत. व्हँकूवरला जमलेल्या वैद्यकीय संपादकांच्या गटातून पुढे झालेल्या समितीने आता नियमच केला आहे की यंत्राने तयार केलेला मजकूर मूळ स्रोत म्हणून देता येणार नाही. ओळखायची खूण सोपी: डीओआय टाका. उघडला नाही, किंवा भलतंच पान उघडलं, तर संदर्भ बाहेर.

या सगळ्याला एक हाव खतपाणी घालते, तिचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. यूजीन गारफील्ड यांनी १९५५ साली कल्पना मांडली आणि १९६४ पासून त्यांची 'सायन्स सायटेशन इंडेक्स' ही सूची निघू लागली. तोवर संदर्भ मागे नेत असे. या सूचीमुळे एखाद्या निबंधावरून पुढे कुणी काय काम केलं, ते पाहता येऊ लागलं. फार मोलाचं साधन. पण जे मोजता येतं त्यावर बढत्या ठरू लागल्या आणि संदर्भाचं नाणं झालं. मग रेफरी आपलेच पाच निबंध घालायला सुचवतो, आणि लेखक ते मुकाट घालतो. संपादकांना हे दिसतं. बहुतेक जण डोळेझाक करतात.

म्हणून माझ्या काही विनंत्या आहेत. आपल्याकडच्या विद्यापीठांच्या आणि संस्थांच्या नियतकालिकांना पहिली: पहिल्या वेळी निबंध कुठल्याही एका सुसंगत पद्धतीत स्वीकारा. जगातले अनेक मोठे प्रकाशक आता हे करतात. निबंध स्वीकारला गेल्यावर टिंबं लावायला यंत्र आहे. वाचलेला वेळ यादीतले चार-पाच संदर्भ कुठलेही निवडून मूळ पानाशी ताडून पाहण्यात घाला. मागे घेतलेले निबंध यादीत आहेत का तेही बघा. 'रिट्रॅक्शन वॉच'ची नोंदवही २०२३ पासून सर्वांना खुली आहे, आणि झोटेरो तर असा निबंध आला की आपणहून लाल खूण करतो.

ग्रंथपालांना दुसरी: विद्यार्थी संदर्भाची शैली विचारायला आला की त्याला प्रणाली शिकवा, आणि त्याच बैठकीत मूळ निबंध कसा मिळवायचा तेही दाखवा. पहिलं शिकवून सोडून दिलं तर आपण फक्त इस्त्रीवाले ठरू.

आणि तिसरी पीएचडीच्या मार्गदर्शकांना. पुढच्या निबंधावर सही करण्याआधी विद्यार्थ्याला यादी घेऊन समोर बसवा आणि एकेका क्रमांकावर बोट ठेवून विचारा: हा उघडून वाचलास का, आणि आपण जे विधान केलंय ते यात कुठल्या पानावर आहे? मूळ मिळालंच नसेल आणि दुसऱ्याच्या निबंधातून माहिती घेतली असेल, तर त्या दुसऱ्याचं नाव द्यायला लावा. जे वाचलेलं नाही ते यादीतून काढा. साठाचे पंचवीस झाले तर होऊ द्या. रेफरीने संदर्भ कमी असल्याची तक्रार केली, तर एवढेच आम्ही वाचले आहेत असं त्याला लेखी कळवा.